आमच्याकडे असंच गातात

आजी गाते आहे हे कळायला तिच्या पाठीवर हात ठेवावा लागायचा.

दुपारी ती स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून बसलेली असायची, समोर निवडायला काहीतरी पसरलेलं. शाळेतून आले की मी दप्तर आवाज न करता खाली ठेवायचे आणि तिच्या दोन खांद्यांच्या मधोमध तळहात टेकवायचे. आत थरथर चालू असायची. पंप सुरू झाल्यावर पाण्याचा पाइप थरथरतो तशी. ती वर चढायची, मानेपाशी जरा घोटाळायची आणि मग पायरी पायरीने कमरेपर्यंत उतरायची. आजीचे ओठ मिटलेले असायचे. नाकातून बारीक गुणगुण बाहेर यायची, झाकणाच्या फटीतून वाफ यावी तेवढीच. त्यात शब्द नसायचे. गाणं ही पाठीत होणारी गोष्ट आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

पलीकडच्या खोलीत आजोबा झोपलेले असायचे.

घराला खोल्या दोनच, आणि मधल्या दाराला कवाड नव्हतं, पडदा होता. आजोबा वर्तमानपत्राच्या छापखान्यात कायमचे रात्रपाळीला. सगळे झोपले की त्यांचं मशीन सुरू व्हायचं, आणि सगळे उठले की ते घरी येऊन आडवे व्हायचे. त्यामुळे आमच्याकडे दिवसभर रात्र असायची. बिजागऱ्यांना तेल, ताटांखाली दुमडलेलं फडकं, नळाच्या तोंडाला चिंधी बांधलेली, म्हणजे पाणी थेंब थेंब न वाजता चिंधीवरून घसरत खाली येईल. कुकरची शिट्टी व्हायच्या आत आजी ती चिमट्याने उचलून वाफ सोडून द्यायची. शेजारची पोरं म्हणायची, यांच्या घरी शिंक आली तर गच्चीवर जावं लागतं. खोटं नव्हतं. आई लहानपणी खरंच जायची. शाळेत बाई 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हणायच्या तेव्हा इतर मुलांना शिक्षा वाटायची, मला घरी आल्यासारखं वाटायचं.

अशा घरात आजीसारखी बाई येऊन पडली होती.

तिचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. फळीवर एका वेळी पाच-सहा रेडिओ, आणि त्यातला कुठला ना कुठला चालू. पण दुरुस्तीला आलेला रेडिओ पुरं गाणं कधी ऐकवत नाही. कडव्याच्या मध्यावर तो खरखरायला लागतो, किंवा वडील पेचकसाने मागची पाटी उघडतात आणि आवाज जातो. आजी तिथेच जमिनीवर अभ्यासाला बसलेली असायची. तुटलेलं गाणं तिला तसंच सोडवायचं नाही. उरलेलं ती स्वतः रचायची, चालही आणि शब्दही, आणि घसा मोकळा करून म्हणायची. वडील काम करता करता म्हणायचे, "मूळ गाणं बरं होतं, पण तुझं लांब आहे." हळूहळू पहिली ओळही तिचीच व्हायला लागली. तशी तिची स्वतःची बरीच गाणी झाली, जी दुसऱ्या कुणालाच येत नव्हती.

आजीला आयुष्यात हवं असलेलं एकच होतं. आपलं एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंड उघडून म्हणायचं आणि समोर बसलेल्या माणसाने ते सगळं ऐकायचं. हे तिने मला एकदा भांडी पुसताना सांगितलं, एखादी वस्तू बाजारातून आणायची राहिली आहे अशा सुरात.

लग्न होऊन आली तेव्हा दिवसा गप्प राहायचं हे तिला सांगितलं गेलं होतंच. सासू, म्हणजे माझी पणजी, बोलण्यातच काटकसर करणारी बाई. तिने पहिल्याच दिवशी घराचा नियम एका वाक्यात सांगितला होता: त्याची झोप म्हणजे आपली भाकरी. आजीला ते पटलं होतं. पण तोंड म्हणजे काही नळ नाही, चिंधी बांधली की झालं. आजी विसरायची. कपडे घडी घालताना, केस विंचरताना तोंडातून ओळ निघून जायची. आजोबांनी डोळे उघडले की ती जीभ चावायची आणि दिवसभर खजील होऊन वावरायची. आजोबा रागवायचे नाहीत. ते कशानेच रागवायचे नाहीत, हाही त्यांचा एक दोषच म्हणायचा.

आई पाळण्यात होती तेव्हाची गोष्ट. आई दुपारभर रडत होती आणि तिला निजवायला आजीने एक गाणं हळू आवाजात का होईना, पण पूर्ण म्हटलं. ती तिची एवढ्या वर्षांतली पहिली चैन होती. त्याच रात्री छापखान्यात कागद अडकला, आजोबांनी तो काढायला हात घातला आणि मशीनच्या रोलरमध्ये त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

सकाळी त्यांना हात बांधून घरी आणलं. लोक जमले, कुणी मशीनला नावं ठेवली, कुणी मालकाला. सगळे गेल्यावर पणजी कुणाकडेही न बघता म्हणाली, "झोप झाली नव्हती त्याची."

बस्, एवढंच. ती आजीला म्हणाली नाही. आजीकडे तिने पाहिलंही नाही. आजोबा तिथेच भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांनी ब्र काढला नाही. कुणी आरोप केला असता तर आजी भांडली असती, रडली असती, निदान माफी मागून मोकळी झाली असती. आरोपच नव्हता, तर सुटका कशातून मागणार? त्या दिवसापासून तिने तोंड मिटलं. गाणं थांबवणं मात्र तिला जमलं नाही. ते आत चालूच राहिलं, बाहेर यायची वाट बंद. आजोबा गाढ झोपलेत अशी खात्री झाली की तेवढी नाकातून गुणगुण.

बोटं गेल्यावर आजोबांना मशीनवरून काढून गठ्ठे बांधायला बसवलं. पाळी रात्रीचीच राहिली, पगार उतरला. म्हणून आजी यंत्रमागावर जायला लागली, सकाळच्या पाळीला.

विणायच्या खात्यात सूत नेणारे शेकडो धोटे एकाच वेळी इकडून तिकडे आपटत असतात. मी तिथे एकदाच गेले होते, आजीचा डबा द्यायला. दारातून आत पाऊल टाकलं आणि आवाज कानात न शिरता छातीत शिरला. आत बायका एकमेकींशी निवांत बोलत होत्या. बोलत म्हणजे तोंड हलवत होत्या. मागावरच्या बाईला कान लागत नाहीत, ती ओठ वाचते. या टोकाची त्या टोकाच्या बाईला सासूच्या कागाळ्या सांगते आणि मधून जाणाऱ्या मुकादमाला पत्ता लागत नाही.

तिथे आजी गायची. तोंड उघडून, मान वर करून, पाळीभर. ऐकणारं कुणी नाही. तिचं तिलाही ऐकू येत नव्हतं.

समोरच्या मागावर एक बाई होती. अंगाने चांगली भरलेली, म्हणून सगळ्या तिला चिमणी म्हणायच्या. दोघींचे माग समोरासमोर, मध्ये अरुंद बोळ. चिमणीने आजीच्या ओठांवरून तिची सगळी गाणी वाचली. वर्षानुवर्षं. दुसऱ्या दिवशी तोंड हलवून सांगायची, काल ते उन्हाचं म्हटलंस ते पुन्हा म्हण, मला मधली ओळ निसटली. चाल तिला कधीच कळली नाही. ती म्हणायची, मला काय माहीत तू गातेस की सामानाची यादी म्हणतेस.

म्हणजे हे असं झालं होतं. घरी चाल होती, शब्द नव्हते. कामावर शब्द होते, चाल नव्हती. आजीचं गाणं दोन ठिकाणी अर्धं अर्धं पडून होतं आणि दोन्ही अर्धी कुणापाशी एकत्र नव्हती, असं तरी आम्ही समजत होतो.

हे आजीच्या मनाला पहिल्यांदा लागलं ते आईच्या शाळेत. आई आठ-नऊ वर्षांची असताना शाळेच्या गाण्याच्या स्पर्धेत तिने नाव दिलं. घरी सांगितलं नाही, सगळ्यांना चकित करायचं होतं. सगळी शाळा समोर बसलेली. आई पुढे आली, हात मागे बांधले, डोळे मिटले, ओठ घट्ट मिटले आणि नाकातून एक अख्खं गाणं गुणगुणली. चाल अगदी बरोबर, एक सूर इकडचा तिकडे नाही. पण मागच्या रांगांना फक्त एक मुलगी गप्प उभी दिसत होती. पोरं हसायला लागली. बाईंना वाटलं, ही थट्टा करते आहे. त्या म्हणाल्या, तोंड उघड आणि नीट गा. आईला काही कळेना. नीटच तर चाललं होतं.

"आमच्याकडे असंच गातात," ती म्हणाली.

बाईंनी दुसऱ्या दिवशी आजीला बोलावून घेतलं. आजी पाळीवरून तशीच गेली, केसांना कापसाची लव. बाईंनी झालेला प्रकार सांगितला, जरा हसतच सांगितला, आणि विचारलं की घरी हे काय शिकवता. येताना रस्त्यात तिने आईचा हात इतका घट्ट धरला होता की बोटांचे वळ उठले. आपलं कुलूप आपल्यापुरतं आहे असं ती समजत होती. ते पोरीलाही लागलं होतं.

रस्त्याच्या कडेला उभी राहून ती आईला म्हणाली, "तोंड उघडायचं असतं गं. मी उघडत नाही म्हणून तू पण?"

आईने तिथल्या तिथे तोंड उघडून बघितलं, पण रस्त्यावरचे लोक पाहत होते आणि आवाज फुटला नाही. घरी आल्यावर तर आजोबा झोपले होते. आई पुढे कधी गायली नाही. चाली मात्र तिला सगळ्या येतात, आजही येतात. भाजी चिरताना तिचीही पाठ थरथरते.

वर्षं गेली. पणजी गेली, आईचं लग्न झालं, मी झाले, कापडाचा कारखाना बंद पडला. आजी घरी बसली तेव्हा तिचे कान पार गेले होते. एवढी वर्षं धोट्यांनी घण घातल्यावर दुसरं काय होणार. आजोबाही निवृत्त झाले. आता तरी घरात दिवस उजाडेल असं आम्हाला वाटलं होतं. पण रात्रपाळी आजोबांच्या हाडात मुरली होती. रात्री ते खुर्चीत बसून पंख्याकडे बघत राहायचे आणि सकाळी पडद्यामागे जाऊन आडवे व्हायचे. नळाची चिंधी तशीच राहिली. गंमत म्हणजे आता आजीला स्वतःची गुणगुणही ऐकू येत नव्हती, तरी ती ओठ मिटूनच गायची आणि मधूनच पडद्याकडे वळून खात्री करून घ्यायची.

मी यंत्रांचे कंप मोजणाऱ्या एका कंपनीत कामाला लागले होते. पहिल्या पगारातून आजीला कानाचं यंत्र आणलं. ते बसवणाऱ्या माणसाने दिलेले कागद मी रात्रभर वाचले आणि मग लक्षात आलं की ते माणसांच्या बोलण्यासाठी जुळवलेलं आहे. लांबवलेला सूर आला की त्याला ती यंत्राचीच शिट्टी वाटते आणि ते ती दाबून टाकतं. आजीने रेडिओ लावला, थोडा वेळ ऐकला आणि यंत्र काढून माझ्या हातावर ठेवलं. "गप्प करायला घरची माणसं कमी होती म्हणून हे आणलंस?" ती म्हणाली. मी ते दोनदा बदलून आणलं. थोडा फरक पडला, पण तिचं मन उडालं होतं. ती ओठ वाचत राहिली, त्यात ती तरबेज होतीच. आमच्या घरात कुजबुजण्यात काही अर्थ नव्हता. तुम्ही तिच्या नजरेच्या टप्प्यात असलात की सगळं जाहीर.

मग एका रविवारी दुपारी चिमणी आली.

कारखाना बंद झाल्यावर ती मुलाकडे लांब राहायला गेली होती आणि बऱ्याच वर्षांनी भेटायला आली होती. आता ती वाळून खरोखरच चिमणीएवढी झाली होती. तिलाही ऐकू येत नव्हतं. दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसल्या, मधे मागाएवढंच अंतर ठेवून, आणि आवाज न करता तासभर बोलल्या. बघायला मोठी मौज होती. पडद्यापलीकडे आजोबा, इकडे दोन म्हाताऱ्या तोंडं हलवताहेत, हसताहेत, एकमेकींना चापट्या मारताहेत, आणि घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

मधेच चिमणी आईकडे वळली आणि तिला मोठ्याने विचारलं, तुला आईची गाणी येतात ना. आई म्हणाली, चाली येतात. शब्द कधी ऐकलेच नाहीत. चिमणीने ओठ वाचले आणि तिला ते खरं वाटेना. मग तिने डोळे मिटून, बाजाराची यादी वाचावी तशा सपाट आवाजात म्हणून दाखवलं:

"उंबऱ्यापाशी ऊन थांबले, आत यायला कोणी सांगा. घर म्हणाले, जागा नाही. ऊन म्हणाले, उभेच राहू. उभे राहता सांज झाली, दार कोणी लोटले नाही."

आई चिरत असलेली भाजी तशीच ठेवून उभी राहिली. तिचे ओठ मिटलेलेच होते, पण तिच्या गळ्यातली हालचाल मला दिसत होती. ती चाल शोधत होती. एक लावून पाहिली, बसेना. दुसरी लावली. तिसरी बसली. आई पाळण्यात असताना जी ऐकून रडायची थांबली ती हीच चाल होती की नाही कोण जाणे, पण आईने तोंड उघडलं आणि पहिली ओळ म्हटली. आवाज घोगरा होता, कुलपातून काढलेल्या वस्तूसारखा. आजी पुढे सरकून तिच्या ओठांकडे बघत होती. तिला सूर ऐकू येत नव्हता, शब्द दिसत होते, आपलेच. ती हाताने खूण करत होती, उघड, अजून उघड.

आई हळूहळू दुसऱ्या ओळीवर गेली, मग तिसऱ्या. "उभे राहता सांज झाली."

पडद्यामागून आजोबा म्हणाले, "तिथे खाली नाही यायचं. 'सांज'वर चढायचं, आणि थांबायचं जरा."

आई थांबली. आजोबांच्या आवाजात झोप नव्हती. आणि त्यांनी ती अर्धी ओळ म्हणून दाखवली, बिनशब्दांची, नाकातून, अगदी आजीसारखी. तो सूर आईलाही नीट येत नव्हता. तो फक्त आजीच्या पाठीत होता.

आईने पडदा सारला. आजोबा उशीला टेकून बसले होते. तिने विचारलं, बाबा, तुम्हाला कसं माहीत. ती तुम्ही झोपल्यावरच गुणगुणायची.

आजोबा आधी पांघरूण नीट करत राहिले. मग सांगायला लागले, आईकडे बघत, खालच्या आवाजात. झोप ते सकाळीच काढायचे, आजी कामावर असताना. ती घरी आली की पडून राहायचे, डोळे मिटून. सुरुवातीला डोळे उघडले की ती थांबायची, म्हणून पुढे उघडणंच सोडलं. घर इतकं शांत असायचं की पलीकडचा श्वाससुद्धा यायचा. आईने विचारलं, आणि बोटं गेली त्या दिवशी?

"त्या दिवशी ती पूर्ण गायली होती," आजोबा म्हणाले. "मला झोपायचंच नव्हतं. मी मुद्दाम जागा होतो. आई माझी बोलली त्यात हिचा काही दोष नव्हता, पण मी बोललो असतो तर हिला कळलं असतं की मी जागा असतो. मग तेवढीही गुणगुण बंद झाली असती."

त्यांना वाटलं असावं, आजीपर्यंत हे जाणार नाही. ते तिच्याकडे बघत नव्हते. पण ती आईच्या मागे येऊन उभी राहिली होती आणि त्यांचे ओठ तिच्या समोर होते.

"अहो," आजी म्हणाली, "परत सांगा."

आजोबा उशी सारखी करायला लागले.

"सांगा. मी बघत्येय."

त्यांनी सांगितलं. या वेळी थोडक्यात, तिच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून. मी मुद्दाम जागा असायचो. आजीने त्यांच्या तीन बोटांच्या हाताकडे पाहिलं. लग्नाला पन्नासेक वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात तिने त्यांना 'अहो'शिवाय हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती.

"अरे," ती म्हणाली. कारखान्यातला, धोट्यांच्या वर चढवलेला आवाज होता तो, खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार. "अरे, तोंड उघडून सांगायला काय झालं होतं तुला?"

चिमणी, जिला यातलं निम्मंच वाचता आलं होतं, पदराने डोळे पुसत होती आणि मला खुणेने विचारत होती की कोण गेलं.

त्यानंतर आजीने आजोबांना कधीच 'अहो' म्हटलं नाही. पाहुण्यांसमोर, दुकानात, जिन्यात, सगळीकडे अरे आणि तू. नातेवाईक आ वासून बघायचे. आईने तिला समजावून पाहिलं, निदान चारचौघांत तरी. आजी कानाकडे बोट दाखवायची, ऐकू येत नाही. ओठ वाचता न येण्याची ही सोय तिला तेव्हापासून लागली. त्याच आठवड्यात तिने नळाची चिंधी सोडली. कुकरच्या शिट्ट्या व्हायला लागल्या. आजोबांनी तक्रार केली नाही. मी वर म्हटलंच आहे, तो त्यांचा दोष होता.

आणि रोज दुपारी ती गायला बसायची. त्यांना खुर्चीत बसवून, समोर, तोंड पूर्ण उघडून. आता मी कितीही प्रेमाने लिहिलं तरी खरं सांगायला हवं की ते ऐकवत नसे. स्वतःचा आवाज कानावर न पडता पंचवीस वर्षं यंत्रांवर ओरडून गायलेली बाई. सूर कुठल्या कुठे जायचा, एकदा वर गेला की तिथेच अडकून राहायचा. ज्या गळ्यातली ती चाल होती त्या गळ्यात ती उरली नव्हती. शब्द सगळे बरोबर. खालच्या मजल्यावरचा शिंपी एकदा वर येऊन म्हणाला की माझी गिऱ्हाइकं विचारतात, वर काय चाललंय. आजीने त्याला बसायला खुर्ची दिली आणि पुढचं कडवं म्हटलं. तो पुन्हा आला नाही.

आजोबा सरळ बसून ऐकायचे. पापणी जड झाली तर आजी गाता गाताच त्यांच्या गुडघ्यावर टिचकी मारायची. "डोळे उघडे ठेव." रात्रभर जागलेला माणूस, दुपारचं ऊन, आणि समोर हा आवाज. ते हूं की चूं करायचे नाहीत. उठून जावं असं त्यांना कधी वाटलं असेल तर ते त्यांच्या चेहऱ्यावर आलं नाही, आणि चेहरे वाचण्यात आजीसारखी दुसरी नव्हती.

ती जायच्या आधीच्या वर्षी मी एकदा गाणं संपल्यावर तिच्यासमोर बसले आणि ओठ नीट हलवून तिला विचारलं. म्हटलं, आजी, तुला हवं होतं ते झालं की नाही शेवटी. पूर्ण गाणं, तोंड उघडून, आणि समोर ऐकणारं माणूस.

तिने आजोबांकडे पाहिलं. ते ताठ बसले होते, डोळे टक्क उघडे.

"गाते कुठे गं मी?" ती म्हणाली. "त्याला जागं ठेवते."